बॉस, आयडी प्लीज!

पबच्या दारात आपले शूज बघतात, टी-शर्टला कॉलर आहे का बघतात, कपल आहे की स्टॅग हेही बघतात. वय मात्र कुणी बघत नाही. असं का?

चला, आधी एक झटपट क्विझ. गुगलला विचारायचं नाही हं!

मतदानाचं वय? १८. मुलाच्या लग्नाचं? २१. आमदारकीला उभं राहायचं? २५. शाब्बास! आता शेवटचा, बोनस प्रश्न. महाराष्ट्रात शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर एक लार्ज व्हिस्की मागवायचं किमान वय किती?

परवा लंच टेबलवर मी हा प्रश्न टाकला. आठ जणांच्या आमच्या टीममध्ये चार जण १८ म्हणाले, तिघे २१ म्हणाले आणि आमचा लाडका फ्रेशर भात कालवता कालवता म्हणाला, ‘त्यालापण वय असतं?’

बरोबर उत्तर एकालाही आलं नाही. उत्तर आहे २५. म्हणजे आमदार होण्याएवढी अक्कल आली, की मगच व्हिस्की! बीअर आणि वाइनसाठी २१. आमचे फ्रेशरसाहेब २२ चे. दर शुक्रवारी रम मागवतात आणि आजवर एकाही माणसाने त्यांना वय विचारलेलं नाही.

हसलो आम्ही सगळे. त्याला दिवसभर ‘बाळ’ म्हणून चिडवलं. पण नंतर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. २२ च्या पोराला कुणी विचारत नाही, तर १७ च्या पोराला कोण विचारणार? आणि या प्रश्नावर हसता येत नाही. पुण्यात तर नाहीच.

४८ हजारांचं बिल

१९ मे २०२४. शनिवारची रात्र उलटून रविवार उजाडायचा होता. कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने एका मोटरसायकलला उडवलं. मोटरसायकलवरचे दोघेही सॉफ्टवेअर इंजिनीअर, मूळचे मध्य प्रदेशातले, दोघेही २४ वर्षांचे. आपल्यासारखेच... आयटीतले, घरापासून लांब राहणारे, वीकेण्डला मित्रमंडळींना भेटून परत निघालेले. दोघेही गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी चालवत होता एक १७ वर्षांचा मुलगा. बारावीच्या निकालाचं सेलिब्रेशन करून निघालेला.

पुढचं सगळं तुम्हाला पाठ असेल. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी दिलेला जामीन आणि ३०० शब्दांचा निबंध. त्यावरून देशभर उसळलेला संताप. मग रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप, डॉक्टरांची अटक. मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी, आणि जुलै २०२५ मध्ये मंडळाने ती फेटाळणं. निबंधावर आपण इतके विनोद फॉरवर्ड केले, की या गोष्टीची सुरुवात कुठे झाली होती तेच विसरून गेलो.

सुरुवात झाली होती टेबलावर. पोलिसांनी सांगितलं, की ही मुलं त्या रात्री दोन पबमध्ये गेली होती. पहिल्या ठिकाणचं बिलच ४८ हजार रुपये! म्हणजे कुणीतरी ऑर्डर घेतली, कुणीतरी ग्लास भरले, कुणीतरी बिल छापून आणलं, कुणीतरी कार्ड स्वाइप केलं. एवढ्या हातांपैकी एकानेही ‘वय काय तुझं?’ हा तीन शब्दांचा प्रश्न विचारला असता तर? अपघात टळलाच असता असं मी म्हणत नाही. पण निबंधाच्या, जामिनाच्या, लॅबच्या कितीतरी आधी गाडी थांबवायची एक जागा होती, आणि ती दारातच होती.

दोन्ही पब सील झाले. पबचालकांवर आणि मुलाच्या वडिलांवर बाल न्याय कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. दोनच महिन्यांत, ७ जुलै २०२४ ला, मुंबईत वरळीला बीएमडब्ल्यूच्या धडकेत स्कूटरवरच्या एका महिलेचा जीव गेला. त्या प्रकरणातला आरोपी १७ चा नव्हता, पण २५ चाही नव्हता. जुहूच्या ज्या बारमध्ये तो त्या रात्री गेला होता, तो बारही मग सील झाला. पुन्हा तेच. आधी जीव जातो, मग सील लागतं. वय तपासण्याची आपली पद्धत ही अशी... पोस्टमॉर्टेमसारखी!

कायदा काय म्हणतो?

थोडं बोअर होईल, पण एकदा वाचून ठेवाच. पार्टीत भाव खायला उपयोगी पडेल.

• मूळ कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी कायदा. नावातच बंदी आहे. म्हणजे आपल्याकडे दारू ‘चालते’ असं नाही. ती बंद आहे आणि परवाना असेल त्यालाच सूट आहे. ‘परमिट रूम’ या पाटीतलं ‘परमिट’ म्हणजे हेच. परमिट बारचं नाही, तुमचं!

• एक दिवसाचं परमिट पाच रुपयांना, वर्षाचं १०० ला, तहहयात १००० ला. त्यावर नाव आणि वय लागतं. आता खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी आयुष्यात ते पाहिलंय?

• बीअर-वाइन २१ पासून, व्हिस्की-रम-व्होडका वगैरे कडक मंडळी २५ पासून.

• १८ खालच्यांसाठी आणखी एक, खूप कडक कायदा आहे. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७७. डॉक्टरने सांगितल्याखेरीज मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. यात ‘बारमालक’ असं लिहिलेलं नाही. ‘जो कोणी देईल तो’ असं आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

‘मॅडम, विचारायचं कुणाला?’

मग मी ठरवलं, की जे लोक वय विचारत नाहीत, त्यांनाच जाऊन विचारायचं. तीन शुक्रवार मी एफसी रोड, बाणेर आणि कोरेगाव पार्क भागात हाच उद्योग केला. चखणा खात खात!

पहिला भेटला एका जुन्या परमिट रूमचा कॅप्टन. २० वर्षं याच धंद्यात. तो म्हणाला, ‘मॅडम, विचारायचं कुणाला? आठ जणांचं टेबल असतं. ऑर्डर देतो पस्तिशीचा माणूस. ग्लास येतात आठ. कुठल्या ग्लासातली कुणाच्या पोटात गेली, मी बघत बसू का?’ आणि विचारलं तर? ‘विचारलं तर म्हणतात, ओळखतोस का मी कोण? मालकाला फोन जातो. टिप जाते. कधी नोकरीपण जाते.’

दुसरा होता एका पबच्या दारातला बाउन्सर. त्याने हिशोबच मांडला. आयडी बघायचं म्हटलं तर सगळ्यांचंच बघावं लागेल. आणि २५ खालच्यांना कडक दारू द्यायचीच नाही असं ठरवलं, तर शुक्रवारी अर्धी टेबलं रिकामी. म्हणून वरून अलिखित ऑर्डर असते. विचारूच नका. दाढी असली की पोरगा मोठा, हील्स घातल्या की पोरगी मोठी!

वाइन शॉपवर तर प्रश्नच नाही. जाळीमागे काउंटर, बाहेर झुंबड, एका गिऱ्हाइकाला १० सेकंद. अर्ध्या जणांच्या डोक्यावर हेल्मेट. नोट आत, क्वार्टर बाहेर. मी अर्धा तास समोरच्या चहाच्या टपरीवर उभी होते. एकालाही वय विचारलेलं ऐकलं नाही. कॉलेजची सॅक लावलेल्या दोघांनाही नाही.

आणि तिथेच मला माझ्या किड्याचं उत्तर सापडलं.

२२ च्या मागे लपलेला १७

बघा, १७ वर्षांच्या मुलाला दारू मिळू नये याबद्दल कुणाचंच दुमत नाही. आपलं नाही, बारमालकाचं नाही, पोलिसांचं तर नाहीच. तरी त्याला ती मिळते. का? कारण २२, २३, २४ च्या हजारो पोरापोरींना ती रोज मिळते. नियम कागदावर २५ चा, आणि तो पाळायचा नाही हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. दाराने प्रश्न विचारणंच बंद केलंय. आणि एकदा प्रश्न बंद झाला, की तो सगळ्यांसाठीच बंद होतो. २२ वाल्यांच्या गर्दीत १७ वाला आरामात आत शिरतो.

२०११ मध्ये राज्य सरकारचं व्यसनमुक्ती धोरण आलं, तेव्हा या २५ च्या अटीवरून केवढा दंगा झाला होता. अभिनेता इम्रान खानने जाहीरपणे विरोध केला होता. १८ व्या वर्षी सरकार निवडतो, तर ड्रिंक का निवडू शकत नाही, असा एकूण सूर. वादाचा मुद्दा आहेच. शेजारच्या गोव्यात वय २१ आहे. म्हणजे आमचा फ्रेशर बांद्याला बेकायदा आणि पत्रादेवीचा नाका ओलांडला, की एकदम कायदेशीर!

आकडा २५ असावा की २१, यावर खुशाल भांडा. माझं म्हणणं वेगळं आहे. जो नियम रोज सगळ्यांसमोर मोडला जातो, तो फक्त स्वतः मरत नाही. शेजारच्या, खरोखर गरजेच्या नियमालाही घेऊन मरतो. सरकारला २५ हवं असेल तर ते पाळून घ्यावं. नको असेल तर सरळ कमी करावं. पण ‘कागदावर २५, दारात काहीच नाही’ या व्यवस्थेचा फायदा फक्त एकालाच होतो... ज्याला तो अजिबात व्हायला नको, त्यालाच.

टकलू हैवानालाही आयडी!

तुमच्या ऑफिसातल्या ऑनसाइट जाऊन आलेल्या मंडळींना विचारा. आमचा एक प्रोजेक्ट मॅनेजर आहे, वय ३९, डोक्यावर चंद्र. आम्ही प्रेमाने त्याला टकलू हैवान म्हणतो. अमेरिकेत त्याला दुकानात बीअरच्या सिक्सपॅकसाठी पासपोर्ट दाखवावा लागला. आधी त्याला अपमान वाटला, मग तरुण दिसतो म्हणून कॉलर टाइट झाली. मागे वळून बघतो तर सत्तरीच्या आजीही पर्समधून लायसन्स काढत होत्या!

मुद्दा हाच. तिथे ‘तू लहान दिसतोस’ म्हणून विचारत नाहीत, विचारायचंच म्हणून विचारतात. लंडनला गेलेल्यांना ‘चॅलेंज २५’ च्या पाट्या आठवत असतील. तिथे वय आहे १८. पण जो २५ पेक्षा लहान दिसेल त्याला आयडी मागायचा, असा दुकानांचा शिरस्ता. मध्ये सात वर्षांची मोकळी जागा सोडलेली. त्यामुळे काउंटरवरच्या पोराला अंदाज बांधत बसावं लागत नाही. गंमत बघा, आकडा त्यांचाही २५ च. फक्त ते तो विचारायला वापरतात, आपण विसरायला.

आणि तिथली यंत्रणा अपघात व्हायची वाट बघत नाही. कमी वयाच्या मुलांना अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली दुकानात पाठवतात. खरेदी करून बघ म्हणतात. दुकानदाराने विकलं की सापडला! कॅलिफोर्नियातही अशी ‘डिकॉय’ योजना आहे. समोरचा ग्राहक खरा की पाठवलेला, हे दुकानदाराला कधीच कळत नाही. म्हणून तो सगळ्यांनाच विचारतो.

आपल्याकडे हे होऊ शकतं का? अल्पवयीन मुलांना यात ओढायचीही गरज नाही. १९-२० वर्षांचे कॉलेजचे स्वयंसेवक पाठवा. त्यांना तर साधी बीअर विकणंही बेकायदा आहे. परवाना निलंबित करायचे, रद्द करायचे अधिकार कायद्यात आहेतच. ते अपघातानंतरच्या सोमवारी वापरण्यापेक्षा एखाद्या साध्या मंगळवारी वापरले तर?

अडचणी आहेत. उत्पादन शुल्क हे सरकारला घसघशीत पैसा मिळवून देणारं खातं. त्यानेच विक्री वाढवायची आणि त्यानेच चाप लावायचा, म्हणजे एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर! शिवाय फोनवर एडिट केलेलं आधार कार्ड दाखवणारे हुशार आहेतच. पण आधारवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, की खरी जन्मतारीख समोर येते. यूपीआयने ४० रुपयांचे शेंगदाणे स्कॅन करणाऱ्या बारला हे जड जाऊ नये.

आणि ‘आपल्याकडे काही बदलत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी एकच उदाहरण. ड्रंकन ड्रायव्हिंग. २००७ मध्ये मुंबई ट्रॅफिक पोलिसांनी ब्रेथ ॲनलायझर घेऊन नाकाबंदीची मोहीम धडाक्यात सुरू केली, तेव्हाही लोक हसलेच होते. आज? ग्रुपमध्ये कुणीतरी ‘आज मी चालवणार, मला कोक’ म्हणतो. नाहीतर कॅब बोलावतो. प्रवचन ऐकून आपण सुधारलो नाही. पुढच्या सिग्नलला कुणीतरी विचारेल ही खात्री झाली, म्हणून सुधारलो.

आणि आपण?

आता कलम ७७ कडे परत येऊ. ‘जो कोणी देईल तो.’

तुमचा एखादा मामेभाऊ असेल. १७ चा. बारावीला. तो तुम्हाला ‘दादा’ म्हणतो, ‘ताई’ म्हणतो. तुमचा पगार, बाइक, तुमचं वीकेण्डचं आयुष्य त्याला जाम भारी वाटतं. कधीतरी तो हळूच म्हणणार, ‘दादा, एकच बीअर आणून दे ना, मला नाही देत.’ (देतात, पण त्याला अजून माहीत नाही.) किंवा ३१ डिसेंबरला मुळशीच्या फार्महाउसवर सगळे जमलेले असताना कुणीतरी म्हणणार, ‘अरे, घे रे, मोठा झालास आता!’ आणि ग्लास पुढे करणार.

त्या क्षणी कायद्याच्या नजरेत तुम्ही दादा नसता, ताई नसता. ग्लास देणारे असता, बस्स. पुण्यातल्या त्या पबचालकांवर लागलं तेच कलम. सात वर्षांपर्यंत. बारमालकाकडे वकील तरी असतो!

कायद्याचं सोडा. आपल्या पिढीनेच तर ‘नाही म्हणजे नाही’ हे ऑफिसात, नात्यात, सगळीकडे शिकायला सुरुवात केली आहे ना? मग १७ च्या भावाला ‘अजून चार वर्षं थांब, पहिली बीअर माझ्याकडून’ म्हणायला काय हरकत आहे? तो दोन दिवस रुसेल. रुसू दे.

मंडळी, अजून एक. या शुक्रवारी एखाद्या कॅप्टनने धीर करून तुम्हाला आयडी विचारलाच, तर ‘ओळखतोस का?’ म्हणू नका. मॅनेजरला बोलवा म्हणू नका. ॲपवर वन स्टार देऊ नका. फोन काढा, आयडी दाखवा, थँक्यू म्हणा आणि बिलाच्या फोल्डरमध्ये टिप थोडी जास्त ठेवा. त्याने तुमच्या टेबलवर विचारलं, तरच तो शेजारच्या टेबलवर विचारेल. शेजारच्या टेबलवर कोण बसलंय आणि बाहेर त्याची कुठली गाडी उभी आहे, हे तुम्हाला माहीत नाही. आणि दोनच्या सुमाराला त्याच रस्त्याने तुम्हालाही घरी जायचंय.

आमच्या फ्रेशरसाहेबांचं विचाराल, तर ते हल्ली बीअरवर आलेत. कायद्याचा आदर वगैरे काही नाही हो. २५ पूर्ण व्हायला अजून तीन वर्षं आहेत म्हणून आम्ही त्यांचा रोज जीव खातो, एवढंच!